उणे दहा किलो पाणी

मीठ आणि पाणी या दोन गोष्टींनी मला जेवढा ताप दिला तेवढा सासुरवाडीनंही दिला नाही. मी गणिताचा मास्तर. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यात, ताडकळसच्या बाजूला एका गावात हायस्कूलवर होतो. मॅट्रिकच्या बीजगणितात मिश्रणाची उदाहरणं म्हणून एक प्रकरण असायचं. अमुक किलो द्रावण आहे, त्यात शेकडा अमुक मीठ आहे, तर त्यात किती पाणी घातलं म्हणजे मीठ शेकडा तमुक होईल? क्ष मानून सोडवा. बस्स, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीशी येऊन सगळ्या वर्गाचं घोडं अडायचं, आणि वर्गाचं अडलं की माझंही.

पोरं विचारायची, "सर, एवढं खारं पाणी कोन करतंय अन् कामून?" पहिल्या वर्षी मी हसून समजावून सांगितलं. तिसऱ्या वर्षी खडू फेकून मारला. सहाव्या वर्षापासून मी त्या प्रश्नावर खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर कडुनिंब होता आणि त्याच्याखाली हेडमास्तरांची सायकल. तेवढं बघून झालं की पुन्हा फळ्याकडे वळायचो.

दमलो होतो, दुसरं काय सांगू? शिकवून माणूस दमत नाही, बाकीच्या भानगडींनी दमतो. मतदारांच्या याद्या आम्हीच करायच्या. गुरं मोजायची आम्हीच. त्या वर्षी तर कुटुंबनियोजनाच्या, म्हणजे नसबंदीच्या, केसेस आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. शाळा सुटली की सायकल काढायची आणि वाड्या-वस्त्यांवर जाऊन बाप्यांच्या विनवण्या करायच्या. बाप्ये आम्हाला लांबून बघूनच ज्वारीत पळायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचीच पोरं समोर बसलेली असायची आणि मी त्यांना क्षची किंमत विचारायचो. मला कशाकशाची लाज वाटावी याचाही कंटाळा आला होता.

आणखी एक सांगून टाकतो, कारण पुढं ते लागणार आहे. मी बौद्ध घरातला. गाव माझं बोरी, ही नोकरीची जागा. शाळेत मला कुणी वाकडं बोललं नाही, ते मी नाकारणार नाही. स्टाफरूममध्ये माठ होता, माठावर झाकण, झाकणावर गडवा. तो गडवा घेऊ नका असं मला कुणीही कधी म्हणालं नव्हतं. पण मी मधल्या सुट्टीत पाणी प्यायला घरी जायचो, आणि मी रोज घरी का जातो हेही कुणी कधी विचारलं नाही.

तर त्या वर्षी मार्चच्या परीक्षेत गणितात आपटलेल्यांचा जादा वर्ग हेडमास्तरांनी माझ्याकडे दिला. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा. सकाळी सातला वर्ग, पत्र्याच्या खोलीत. पाच जण होते. चार पोरं, त्यांतली दोन नुसती घरच्या कामातून सुटका म्हणून यायची. आणि पाचवी ती.

ती पोरगी अठरा-एकोणीसची असेल. दोनदा नापास, दोन्ही वेळा फक्त गणितात. बाकीचे विषय सुटलेले. मराठीत तर मार्क बरे होते. घरची थोडी कोरडवाहू शेती. आई तीन वर्षांमागं गेलेली, तेव्हापासून नऊ माणसांचा स्वयंपाक हिच्याकडे. पहाटे भाकऱ्या थापून, कालवण चुलीवरून उतरवून ती वर्गाला यायची. हाताला पिठाचा वास असायचा आणि डोळे धुरानं लाल.

ती मॅट्रिकच्या एवढं मागं का लागली होती ते तिनंच एकदा सांगितलं. आई परभणीच्या दवाखान्यात होती तेव्हा तिथं एक नर्स होती. "लय कडक बाई व्हती सर. बाप्या माणसांना सुद्धा रागवायची. 'व्हा बाहीर' म्हनली का समदे गुमान बाहीर. माज्या वडलांना बी." असं सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाईमाणसानं रागवावं आणि पुरुषांनी ऐकावं हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिलं होतं. त्या नर्सच्या ट्रेनिंगला मॅट्रिक पास लागायचं.

जूनमध्ये तिचे वडील मला बाजारात भेटले. हातात मेथीची जुडी, चेहऱ्यावर तिच्यासारखाच थकवा. माणूस वाईट नव्हता.

"मास्तर, पोरीला सांगितलंय म्या. ही शेवटची बारी. पास झाली तर धाडतो परभणीला, शबूद हाय माजा. न्हाई झाली तर माघात लगीन. पोरगं बघून ठिवलंय. मंग म्हनू नका."

"होईल पास," मी म्हणालो.

"गनितात व्हईल का?"

"होईल म्हणतो ना मी!" मी उगाच खेकसलो. माझी खात्री नव्हती, म्हणून आवाज चढला.

वर्ग सुरू झाला. बाकीचं बीजगणित तिला येत होतं. अगदी चलाख नाही, पण येत होतं. एकचल समीकरणं सोडवायची, वर्गसमीकरणात चाचपडत का होईना पोचायची. भूमिती पाठ केलेली. हिशेब केला तर काठावर पास होण्याएवढं जमत होतं, फक्त मिश्रणाचं उदाहरण सुटायला हवं होतं. ते पाच मार्कांचं असायचं आणि हमखास यायचं. त्या पाच मार्कांवर तिचं परभणी अवलंबून होतं.

मी पहिलं उदाहरण घातलं. दहा किलो द्रावण, शेकडा वीस मीठ. किती पाणी घातलं म्हणजे शेकडा दहा होईल? उत्तर दहा किलो. साधं आहे. दहा किलोत दोन किलो मीठ. तेच दोन किलो वीस किलोत पसरलं की शेकडा दहा झालं.

तिनं वही पुढं केली. उत्तर लिहिलं होतं, उणे दहा किलो.

"चिन्ह चुकलं बघ," मी म्हणालो. "पाणी उणे असतं का कुठं? बाजू बदलताना नीट बघ."

दुसऱ्या दिवशी दुसरं. तीस किलो द्रावण, शेकडा वीस मीठ, ते शेकडा पंधरा करायचं. उत्तर दहा. हिचं उत्तर, उणे तीस.

तिसऱ्या दिवशी पन्नास किलो घातले. हिचं उत्तर उणे पन्नास.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ही पोरगी दिलेला आकडा उचलते आणि पुढं उणे लावून मोकळी होते. मला सरळ बनवायलीय. मग मी रागावलो. माझं रागावणं त्या वेळी असं होतं की आधी मोठ्यानं बोलायचं आणि मग घरी जाऊन जेवण जायचं नाही. "तुला करायचं नसेल तर सांग, मला सकाळी उठून यायची हौस नाही," असं काहीतरी बोललो. चारही पोरं मान खाली घालून बसली. तीही. रडली नाही. वही ओढून घेतली आणि तेच उदाहरण परत मांडलं. परत उणे पन्नास.

असे दोन-तीन आठवडे गेले. श्रावण आला. मी घरी बायकोपाशी चिडचिड करायचो. बायको म्हणाली, "तुमी तिला नुसतं चुकलं चुकलं म्हनायलाव. ती काय करायली ते कधी इचारलंव का?" बायको चौथी शिकलेली. मला राग आला, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वहीतली शेवटची ओळ बघायचो आणि लाल रेघ मारायचो. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी खडू खाली ठेवला. म्हटलं, "लिहू नकोस. तोंडानं सांग. दहा किलो खारं पाणी आहे. आता काय करतीस?"

"त्याच्यात क्ष किलो पाणी घातलं."

"बरोबर. आता एकूण किती?"

"दहा अधिक क्ष."

"शाब्बास. आता मीठ किती?"

"पयलं दोन किलो. अन् क्ष किलो पान्याचं येगळं."

"पाण्याचं कसलं मीठ?"

"जेवढं पानी घातलं त्याच्या मापानं मीठ घालावं लागतंय की सर."

"कुणी सांगितलं घालायला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडा झालोय. "सर, पाव्हने आले का आमी कालवनात पानी वाढवताव. मंग मीठ घालावंच लागतंय. नुसतं पानी घातलं तर अळनी व्हईल की!"

पोरं खो खो हसली. मी हसलो नाही. मी खाली बसलो, बाकावर, पोरांच्या शेजारी. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. नऊ माणसांचं घर, त्यात रोज कुणीतरी आगंतुक. दिवसातून दोनदा हिचा हात पातेल्यात पाणी ओततो आणि लगेच मिठाच्या बरणीकडे जातो. पाणी घालून मीठ न घालणं ही गोष्ट हिनं जन्मात केलेली नाही. गणितातसुद्धा तिच्यानं होत नव्हती. पाणी घातलं की ती त्याच मापानं मीठ घालायची, म्हणजे खारटपणा होता तेवढाच राहायचा, तसूभर हलायचा नाही. आणि वर समीकरणाला सांगायची की खारटपणा कमी कर. समीकरण बिचारं काय करणार? त्यानं एकच मार्ग दाखवला, भांडं रिकामं कर. दहा किलो असेल तर उणे दहा, तीस असेल तर उणे तीस. गणित तिचं एकदाही चुकलं नव्हतं. मी तीन आठवडे त्यावर लाल रेघा ओढल्या होत्या.

आता हे तिच्या डोक्यातून काढायचं कसं? मी फळ्यावर समजावलं. मान हलवली तिनं, पण उदाहरण सोडवताना हात पुन्हा बरणीकडे गेला. पुन्हा उणे. मग मला वाटलं, करूनच दाखवावं. दुसऱ्या दिवशी घरून तांब्याभर पाणी, कागदात मीठ आणि दोन गिलास घेऊन गेलो. टेबलावर मांडलं. एका गिलासात मीठ कालवलं, चांगलं दोन चमचे. "हे चाखून बघ. मग यात मी नुसतं पाणी घालतो, मीठ घालत नाही. मग परत चाख. कमी खारट लागतं का नाही ते तूच सांग."

गिलास मी पुढं केला.

पत्र्यावर चिमण्या चालल्याचा आवाज येत होता. चार पोरं टेबलाकडे बघत नव्हती, एकमेकांकडेही बघत नव्हती. ती उभी होती, हात पदराशी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलो ते. तांब्या माझा, पाणी माझ्या घरचं, कालवलं माझ्या हातानं. माणूस गणितात इतका बुडतो की आपण कोण आहोत हेही विसरतो. मला वाटायचं मी हे कधीच विसरत नाही.

"सर," ती हळूच म्हणाली, "उद्या मी घरून आनते."

"आण," मी म्हणालो. गिलास उचलला आणि बाहेर कडुनिंबाच्या बुडाशी ओतला. राग आला होता. खूप आला होता. तिचा आला, पोरांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण मी "आण" म्हणालो होतो. दुसरं काय म्हणायला पाहिजे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी उरलेला तास मी भूमिती घेतली.

दुसऱ्या दिवशी ती घरचा तांब्या, मिठाची पुडी आणि दोन गिलास घेऊन आली. तिनंच कालवलं. चाखलं, तोंड वाकडं केलं. मग ते सगळं दुसऱ्या गिलासात ओतून वर पाणी घातलं, आणि हात आपोआप पुडीकडे गेला.

"थांब!" मी ओरडलो. "मिठाला हात लावायचा नाही."

तिनं हात मागं घेतला. चाखलं. "अळनी लागायलंय सर."

"मीठ कुठं गेलं?"

"कुटं जाईल? हायच की त्याच्यात."

"किती?"

ती गिलासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेवढंच हाय. पानी वाडलं, मीठ तेवढंच." आणि एकदम माझ्याकडे बघून हसली. "अगं माय! म्हनून व्हय!"

तिला एवढा आनंद झाला की म्हणाली, "सर, तुमी बी बगा की." तिनं गिलास उचलला आणि माझ्या ओंजळीत वरून ओतलं. हात उंच धरून, अंतर राखून, जसं कुणीही ओततं तसं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मी प्यालो. खारट होतं, बऱ्यापैकी.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. वर्ग सुरू होताना तिनं उभं राहून म्हणायचं, "मीठ तेवढंच. मिठाला हात लावायचा नाही." पोरं हसायची. पण तिची सगळी उदाहरणं सुटायला लागली. दहा म्हणजे दहा. तीस किलोचं, पन्नास किलोचं, शंभराचं, सगळी पाण्याची उदाहरणं ती धडाधड सोडवायची. मी वहीवर बरोबरच्या खुणा करायचो आणि मला फार दिवसांनी मास्तर असल्यासारखं वाटायचं.

आता खरं सांगतो. पुस्तकात पुढच्या पानावर दुसऱ्या जातीची उदाहरणं होती. तिथं पाणी नाही, मीठ घालायचं. द्रावण फिकं आहे, किती मीठ घातलं म्हणजे खारट होईल? उदाहरणं चारच होती. मी ते पान उघडलं होतं. खिडकीशी उभा राहून वाचलंही होतं. आणि मनात आलं, आता कुठं हिच्या हाताला लगाम बसलाय. पुन्हा मिठाचं काढलं तर गाडी मूळपदावर यायची, पुन्हा उणे दहा सुरू व्हायचं, पुन्हा तीन आठवडे. आणि बोर्ड नेहमी पाण्याचंच विचारतं. वर दुपारी केसेसची मीटिंग होती, तालुक्याहून साहेब येणार होते, आणि माझ्या नावावर एकही केस नव्हती. मी पान उलटलं. विद्यार्थ्याच्या भल्यासाठी असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. भल्याबिल्यासाठी काही नाही, मी दमलो होतो.

ऑक्टोबरात परीक्षा झाली. केंद्र दुसऱ्या गावी होतं. परत आल्यावर ती रस्त्यात भेटली, डोक्यावर सरपणाची मोळी. "कसा गेला पेपर?"

"चांगला गेला सर. मिश्रनाचं बी आलं व्हतं. सोडवलं."

"उत्तर?"

"बारा आलं. उने न्हाई आलं, सर!" तेवढं सांगून ती हसत पुढं गेली. मोळी जड होती, मीही थांबवलं नाही. उणे नाही आलं, झालं तर मग. मी पेपर मागवून बघितलाही नाही. मास्तरानं खरं तर बघायला पाहिजे होता.

डिसेंबरात निकाल लागला. चार पोरांतली दोन पास झाली, त्यांतला एक तर असा होता की ज्याला क्ष कुठल्या बाजूला लिहायचा हेही माहीत नव्हतं. तिच्या नावापुढं गणितात बत्तीस. पस्तीस लागतात.

मी त्या दिवशी शाळेतून लवकर घरी आलो. संध्याकाळ व्हायच्या आधी ती आमच्या दारात उभी. आमच्या वस्तीत ती कधी आली नव्हती, कुणीच त्या बाजूची पोरगी येत नसे. एकटी, गुणपत्रिका पदरात दुमडून धरलेली. बायकोनं "ये माय, आत ये" म्हणून पाट सरकवला आणि सवयीनं गिलासात पाणी आणलं. पुढं केल्यावर तिच्या लक्षात आलं आणि हात तिथंच थांबला. पण पोरीनं गिलास घेतला आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं. कशात पितेय, कुणाचं पितेय, काहीही तिच्या मनात नव्हतं. लांबून चालत आलेल्या माणसासारखी तहानलेली होती.

"तारीख धरली सर," ती म्हणाली. "माघातली."

"मार्चला परत बस," म्हणालो. ते माझं मलाच खोटं वाटलं.

"न्हाई आता. वडलांनी शबूद पाळला, तीनदा बसू दिलं. मी बी पाळते." मग तिनं गिलास दोन्ही हातांत धरला. "मी एकच इचाराया आले. ते मिश्रनाचं बरोबर आलं व्हतं. मला पक्कं ठाव हाय. मंग मार्क कामून न्हाई दिले?"

"उदाहरण काय होतं? आठवतंय?"

तिला शब्दन् शब्द पाठ होता. वीस किलो द्रावणात मीठ शेकडा दहा आहे. त्यात किती मीठ घातलं असता ते शेकडा पंचवीस होईल?

मी विचारलं, "तू काय केलंस?"

"इचार केला, मिठाला तर हात लावायचा न्हाई. मीठ दोन किलो, ते तेवढंच. मंग खारट कसं करावं? तर पानी आटवावं. बासुंदी आटवतेत तसं. वीस वजा क्ष. त्याच्यात दोन किलो मीठ म्हंजे शेकडा पंचवीस. क्ष बारा आला. लिवलं, बारा किलो पानी आटवावं." ती माझ्याकडे बघत होती. "पडताळा बी केला सर. आठ किलो उरतंय, त्याच्यात दोन किलो मीठ. पंचवीसच येतंय की."

मी मनात केलं. आठात दोन. शेकडा पंचवीस. काडीची चूक नव्हती. असला विचार माझ्या इतक्या वर्षांच्या वर्गांत एकाही पोराला सुचला नसता, आणि मला तर नाहीच नाही. परीक्षकानं उत्तर बघितलं असेल, चार पाहिजे, बारा आहे, आणि ओढली असेल लाल रेघ. मी काय वेगळं करत होतो?

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. "गणित बरोबर आहे. त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं. मीठ किती घालायचं, एवढंच विचारलं होतं. पुस्तकात होतं ते, पुढच्या पानावर. मी तुला शिकवलं नाही. चूक माझी आहे, पोरी. तुझी नाही."

बायको चुलीपाशी वळून बघायला लागली. तिनं मला कुणाकडे चूक कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं.

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. त्या नर्ससारखी मला "व्हा बाहीर" म्हणाली असती तर मी माझ्याच घरातून उठून बाहेर गेलो असतो. पण ती नुसती विचार करत बसली, कपाळाला आठी घालून, वर्गात बसायची तशी. मग तिनं रिकामा गिलास पाटाशेजारी ठेवला आणि म्हणाली,

"मीठ घालायचं व्हतं व्हय? ते तर मला पयल्यापासनं येत व्हतं, सर."